झेफाबाईंची आई

नायगारा मी पाहिला नाही, हे आधीच सांगून टाकते. परत आल्यापासून पेणमध्ये जो भेटतो तो पहिल्यांदा नायगाराच विचारतो, आणि नाही म्हटलं की त्याचा चेहरा असा पडतो की जणू मी त्याचंच काहीतरी विसरून आले. एवढ्या लांब जाऊन काय पाहिलं मग? त्याचं उत्तर बाजारात भाजी घेता घेता देण्यासारखं नव्हतं, म्हणून हे लिहायला घेतलं.

माझं काम डोळ्यांचं. म्हणजे डॉक्टरकीचं नव्हे. आमचा गणपतीचा कारखाना आहे. माती, साचे, रंग हे सगळं दीर आणि मुलगा बघतात. माझ्याकडे फक्त आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी माझा हात पाहिला आणि ब्रश दिला, तो अजून सुटलेला नाही. माझी ताई न्यू जर्सीत पार्सिपनीला राहते. तिथल्या मराठी मंडळाने मुलांसाठी शाडूच्या गणपतीची कार्यशाळा ठेवली आणि ताईने मंडळाच्या मीटिंगमध्ये मला न विचारताच माझं नाव देऊन टाकलं. ताईचं असंच असतं.

पार्सिपनी

पहिले काही दिवस मला एकच प्रश्न पडायचा, माणसं गेली कुठे? घरं आहेत, गवत कापलेलं आहे, गाड्या उभ्या आहेत, पण रस्त्यावर चिटपाखरू नाही. पाखरं तरी होती म्हणा. आणि खारी! ताईच्या मागच्या अंगणात इतक्या खारी आणि अशा गलेलठ्ठ की मी खिडकीत उभी राहून त्यांच्या शेपट्यांकडेच बघत बसायचे. आमचे आखणीचे ब्रश खारीच्या केसांचे.

"काय शेपटी आहे गं," मी म्हटलं. "एकीत चार ब्रश निघतील."

"मावशी! ओ माय गॉड, प्लीज!" ताईची मुलगी अन्वी किंचाळली. "त्यांची नावं ठेवलीयत मॉमने!"

अन्वीचा जन्म तिथलाच. वय तिशीच्या घरात. नेवार्क शहरातल्या एका छोट्या कलादालनात ती काम करते. मराठी सगळं समजतं, बोलताना मात्र अर्ध्यातून गाडी इंग्रजीच्या रुळावर जाते.

कार्यशाळा छान झाली. मुलांनी आजी, आजी करून मला भंडावलं. एका मुलीने गणपतीला चष्मा लावला, एकाने विचारलं, "आजी, कॅन आय मेक हिम ग्रीन?" मी म्हटलं, कर बाबा. फक्त डोळे सर्वांत शेवटी, एवढा एकच नियम मी लावला. आमच्याकडे तो नियम मोडत नाहीत. आखणी झाली की मूर्ती बघायला लागते, मग तिच्या अंगावर रंगाचा हात फिरवायला संकोच वाटतो.

अन्वी मागे उभी राहून ऐकत होती. संध्याकाळी भांडी लावता लावता म्हणाली, "मावशी, यू हॅव टू मीट समवन. माझी एक आर्टिस्ट आहे, ब्राझीलची. सेल्फ-टॉट, नो आर्ट स्कूल, नथिंग. शी डज द आइज फर्स्ट."

"आधी डोळे?"

"ऑलवेज. डोळे झाल्याशिवाय ती बाकी काही टचच करत नाही."

मला रात्री नीट झोप लागली नाही. आधी डोळे काढून माणूस पुढे काम करतंच कसं?

एडिसन

मधल्या रविवारी ताईने एडिसनला नेलं. ओक ट्री रोडवर उतरले आणि वाटलं, पार्सिपनीतली हरवलेली माणसं इथे आहेत तर! पाणीपुरीला रांग, साड्यांची दुकानं, कुकरच्या रिंगासुद्धा मिळतात. एका दुकानात गणपतीच्या मूर्ती येऊन पडल्या होत्या. बोटीने येतात, म्हणून सणाच्या कितीतरी आधी पाठवाव्या लागतात. एक मूर्ती हातात घेतली आणि मी मोठ्याने हसले. डोळे आमच्या मागच्या आळीतले होते. तिथली आखणारी बाई डाव्या डोळ्याचा कोपरा जरा जास्तच ओढते, आणि मी तिला दर वर्षी ते सांगते.

"हॅलो आंटी, प्रॉब्लेम आहे का काही?" दुकानदाराने विचारलं.

"काही नाही हो," ताई म्हणाली. "ती ओळखीच्या बाईला भेटतेय."

नेवार्क, शुक्रवार

नेवार्कला अन्वीने गाडीने नेलं. टू-एटी हायवेवर ट्रॅफिक लागला, तो भाग सोडून देते. रेल्वेरुळांच्या पलीकडे एक जुनी वस्ती आहे, तिथे पोर्तुगीज आणि ब्राझीलची मंडळी राहतात. बेकऱ्या, मासळीची दुकानं, आणि रस्त्यावर मोठमोठ्याने बोलणारी माणसं पाहून माझ्या जीवात जीव आल्यासारखं झालं.

दार उघडलं ते एका उंच, हाडापेराने भक्कम म्हातारीने. काळीभोर कांती, पिकलेल्या केसांच्या बारीक वेण्या, आणि डोक्याच्या फडक्यापासून पायातल्या सपातांपर्यंत सगळं पांढरं. माझ्या मनात आलं, अरे देवा, घरात काही झालं वाटतं. मी लगेच चेहरा पाडला, त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि मराठीतच म्हटलं, "फार वाईट झालं हो."

अन्वीने मला कोपराने ढोसलं. "मावशी, आज फ्रायडे आहे. त्यांच्याकडे फ्रायडेला व्हाइट घालतात. देवासाठी."

त्या बाईंना अन्वीने पोर्तुगीजमध्ये सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. अन्वी ही भाषा कॉलेजात शिकली, त्यामुळे आमचं सगळं बोलणं तिच्यामार्फत. त्यांचं नाव डोना झेफा. डोना म्हणजे आपल्याकडचं बाई, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना झेफाबाईच करून टाकलं. त्या मला डोना सुमन म्हणायला लागल्या आणि मला उगाचच उंच झाल्यासारखं वाटलं.

झेफाबाई बाहियाच्या. ब्राझीलचा समुद्राकाठचा प्रदेश. त्यांच्या पणज्या-खापरपणज्यांना आफ्रिकेतून गुलाम म्हणून उसाच्या मळ्यांत आणलं होतं. झेफाबाईंचं गाव खाडीच्या काठी, खारफुटीच्या कडेला. बायका ओहोटीला चिखलात उतरून शिंपल्या आणि चिंबोऱ्या काढायच्या. हे ऐकताच मी म्हटलं, अन्वी, त्यांना सांग, आमच्याकडेही अगदी असंच. मग बराच वेळ आम्ही दोघी चिखलात पाय कसा टाकायचा ते बसल्या जागी एकमेकींना करून दाखवत होतो.

मोठ्या झाल्यावर त्यांनी शहरात लोकांच्या घरी कामं केली, मग अमेरिकेत येऊनही तेच. हयात दुसऱ्यांची घरं पुसण्यात गेली. चित्रं सुरू झाली ती उतारवयात, आणि कशी, तर भीतीने. एकदा खिडक्या पुसताना त्यांना गावातल्या पाववालीचं नाव आठवेना. त्या घाबरल्या. नाव गेलं, आता चेहरा जाईल. त्यांच्या गावात कुणाचे फोटोच नव्हते, झेफाबाई विसरल्या तर पाववाली जगात कुठेच उरली नसती. घरी येताना फुटपाथवर कुणीतरी टाकून दिलेलं कपाटाचं दार होतं, ते उचललं. कामाच्या घरातला उरलेला भिंतीचा रंग होता. त्यावर पाववाली काढली.

तेव्हापासून कपाटांची दारंच. घरभर दारं. स्वयंपाकघरात, जिन्यात, बाथरूमच्या भिंतीवरसुद्धा. कोळी, सुईण, ढोल वाजवणारा, तिरळा पोस्टमन, नवऱ्याला चप्पल फेकून मारणारी शेजारीण. रंग सपाट, हात-पाय जरा लाकडी, सावली म्हणून कुठे नाही. पण डोळे! मी हयातभर डोळे काढलेली बाई, मी एकेका दारासमोर थांबत गेले. प्रत्येकाचे वेगळे, आणि प्रत्येकजण झेफाबाईंकडे बघत होता.

"आधी डोळे का?" मी विचारलं.

"डोळे आले की माणूस माझ्याकडे बघायला लागतं," त्या म्हणाल्या. "मग नाक चुकलं, ओठ चुकले, तर त्याच्या नजरेतच मला कळतं. तुम्ही शेवटी काढता? मग तोवर चूक सांगतं कोण?"

"दीर," मी म्हटलं.

जेवायला त्यांनी चवळीचे वडे तळले. चवळी भिजवून, सालं काढून, वाटून, कांदा घालून लालभडक पामतेलात तळलेले. आत मिरचीचं वाटण आणि सुकट कोलंबी. ह्याला अकराजे म्हणतात, पण मी त्याला वडाच म्हणणार. असा वडा आपल्याकडे कुणी करत नाही याची मला खंतच वाटली. मी चार खाल्ले. तेलाचा वास दोन दिवस साडीला होता.

वडे वाढताना झेफाबाईंचा हात थरथरत होता. बशी टेबलावर टेकेपर्यंत वाजत राहायची. अन्वीने मला हळूच सांगितलं की वर्षभरात त्यांनी एकही चित्र काढलेलं नाही. हात असा असल्यावर डोळे कसे काढणार, आणि डोळ्यांशिवाय तर सुरुवातच नाही.

जेवण झाल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड करून उभं केलेलं एक मोठं दार फिरवलं. फिकट निळा रंग देऊन कोरं ठेवलेलं.

"ही माझी आई," त्या म्हणाल्या. "सगळं गाव झालं. ती तेवढी राहिली. मी जायच्या आत मला तिला काढायचंय." मग माझ्याकडे वळून सरळच विचारलं, "डोना सुमन, तुमचा हात थरथरत नाही. तिचे डोळे तुम्ही काढाल? बाकीची मी करीन. मोठ्या ब्रशला थरथर चालते."

कुणाच्या आईचे डोळे! मला नाही म्हणवलं नाही. मी म्हटलं, आधी पुठ्ठ्यावर काढून दाखवते.

ब्रश पर्समध्येच होते. मी पुठ्ठ्यावर दोन डोळे काढले, आणि खोटं कशाला बोलू, झकास उतरले. लांबसडक, पापण्या जराशा मिटत आलेल्या, नजर खाली, शांत. अन्वी "वॉव" म्हणाली. झेफाबाईंनी पुठ्ठा हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि मान हलवली.

"ही देवी आहे," त्या म्हणाल्या. "हिच्याकडे सगळे मागायला येतात आणि ही बसून ऐकते. माझी आई बसलेली मी बघितलीच नाही कधी."

मी गणपती काढून ठेवला होता! बाईच्या चेहऱ्यावर आमच्या कारखान्यातला गणपती. इतकी वर्षं हात एकच नजर काढत आला, त्याला दुसरी ठाऊकच नव्हती. मी पुन्हा काढले, मोठे उघडे. नाही. उन्हाने बारीक झालेले. नाही. दमलेले. नाही. पुठ्ठा भरून गेला, चहूकडून डोळेच डोळे, आणि झेफाबाई आपल्या नाही, नाही. शेवटी मी वैतागले. आमच्याकडे गिऱ्हाइकाचं इतकं ऐकून घ्यायची सवय नाही.

"मग कसे होते ते तरी सांगायला सांग त्यांना!" मी अन्वीला म्हटलं.

अन्वीने विचारलं. झेफाबाई उठल्या आणि कॉफी करायला निघून गेल्या.

पुन्हा नेवार्क

घरी आल्यावर ताई म्हणाली, "जाऊ दे गं. तू काय तिची आई बघितलीयस का? सॉरी म्हणून मोकळी हो." तिचं बरोबर होतं, पण मला राहवेना. पुढच्या आठवड्यात मी अन्वीच्या मागेच लागले. तिने एक मीटिंग कॅन्सल केली आणि मला घेऊन गेली.

झेफाबाई चवळीची सालं काढत होत्या. मीही पाण्यात हात घातला. चवळी चोळायची, सालं वर तरंगली की काढून टाकायची. मग त्या पाण्याकडेच बघत बोलायला लागल्या आणि अन्वी हळूहळू मराठी-इंग्रजी मिसळून सांगत गेली.

हातामुळे आईचं चित्र थांबलं हे खरं नव्हतं. हात आत्ता आत्ता थरथरायला लागला. आईचं दार कितीतरी वर्षांपासून तसंच कोरं होतं. पोस्टमनचे डोळे आठवतात, चप्पलवालीचे आठवतात, आईचे आठवत नाहीत. आई त्यांच्या लहानपणीच गेली. आणि होती तेव्हा सतत पुढे, ओहोटी संपायच्या आत टोपली भरायची म्हणून झपाझपा चालणारी, आणि झेफा मागे. घरी आल्यावर अंधार, चुलीकडे तोंड.

"मला तिची फक्त पाठ आठवते," अन्वीने सांगितलं. "शी सेज, सगळ्या गावाला मी परत आणलं, आणि आईचा चेहरा माझ्याकडे नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं."

माझे हात पाण्यात तसेच राहिले. ह्या बाईला मी गिऱ्हाईक समजून तिच्यावर वैतागले होते.

मी आमच्या कारखान्याचं सांगायला लागले. आषाढात आमच्याकडे या, म्हटलं. फळ्यांवर ओळीने मूर्ती उभ्या असतात, अंग झालेलं, पितांबर झालेलं, दागिने झालेले, आणि डोळ्यांच्या जागी नुसता कोरा रंग. कित्येक आठवडे त्या तशाच असतात. आम्ही त्यांच्यामधून ये-जा करतो, त्यांच्यावरची धूळ झटकतो, जेवतोसुद्धा तिथेच. कुणाला त्या अर्धवट वाटत नाहीत. जे आपल्या हातात आहे तेवढं करून ठेवायचं. डोळ्यांचं डोळ्यांच्या वेळी.

"आणि पाठ?" झेफाबाईंनी विचारलं. "भिंतीला टेकवून ठेवायच्या मूर्तीची पाठ रंगवता तुम्ही?"

"आम्ही रंगवतो. कुणी बघत नाही, तरी रंगवतो."

त्यांनी हात पदराला, म्हणजे एप्रनला पुसले. चवळी तशीच टाकून त्या आतल्या खोलीत गेल्या. आम्ही गेलो तर निळं दार जमिनीवर आडवं घातलं होतं आणि त्या गुडघ्यांवर बसल्या होत्या, हातात भिंत रंगवायचा रुंद ब्रश. डोळे न काढता त्यांनी कुठलंही चित्र सुरू करण्याची ती पहिलीच वेळ. मधोमध तपकिरी रंगाचा एक पट्टा ओढला. थरथरत, वाकडातिकडा. तो एका बाईचा कणा होता, हे आम्हाला लगेच दिसलं.

त्या दिवशी जेवण झालं नाही. वाटेत अन्वीने पिझ्झा घेतला. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

निघण्याआधी

माझं विमान शनिवारी होतं. गुरुवारी झेफाबाईंचा फोन आला, या आणि ब्रश घेऊन या. ताईने बॅग भरायची म्हणून कुरकुर केली, आणि मग स्वतःच गाडीत येऊन बसली.

दार भिंतीला उभं होतं. ओहोटीचा चिखल, लांबवर पाणी, आणि त्या दिशेने निघालेली बाई. पाठमोरी. लुगड्यासारखा खोचलेला घागरा, डोक्यावर टोपली, पोटऱ्यांपर्यंत चिखल, मानेवर घामाने चिकटलेलं फडकं. हाताची थरथर सगळीकडे होती. चिखल त्यामुळे ओला दिसत होता आणि घागरा हलत होता. ती बाई खरंच घाईत होती. डाव्या हाताला, तिच्या बरीच मागे, एक लहान मुलगी. तिचा चेहरा मात्र बाजूने दिसत होता, वर आईकडे वळलेला. नाक, ओठ, वेण्या सगळं होतं. डोळ्याची जागा कोरी.

"हिचा तुम्ही काढा," झेफाबाई म्हणाल्या. "ही कुठे बघतेय ते मला माहीत आहे."

आणि त्या दारासमोर स्टुलावर जाऊन बसल्या, माझ्याकडे बाजू करून, वर आईच्या पाठीकडे बघत.

गणपतीचे डोळे काढताना खरी मेहनत दुसऱ्या डोळ्याची, तो पहिल्याशी जुळवायचा असतो. इथे डोळा एकच होता, जुळवायचं काही नव्हतं, आणि तरी मी ब्रश दोनदा पुसून घेतला. आजवर मी ज्याच्याकडे सगळे बघतात त्याची नजर काढली होती. बघणाऱ्याची कधी काढली नव्हती. मी झेफाबाईंच्या डोळ्याकडे बघितलं. सत्तरी ओलांडलेली बाई, पापणी लोंबलेली, बुबुळाभोवती म्हातारपणाची निळी कड. पण नजर त्या पाठीवर अशी लागली होती की आई एवढ्यात दिसेनाशी होणार, आणि आपण मागे राहणार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते ओसरेपर्यंत थांबले, मग ब्रश टेकवला.

वरची पापणी एका दमात ओढली. मग बुबुळ, अगदी वरच्या कडेला लागलेलं. मग पांढऱ्याचा एक ठिपका. बाजूला झाले.

झेफाबाई स्टुलावरून उठल्या. जवळ गेल्या, मुलीकडे बघितलं, मग तिच्या नजरेच्या रेषेने वर आईच्या पाठीकडे. ताई माझा दंड धरून उभी होती. झेफाबाई आमच्यापैकी कुणाशी नाही, त्या पाठीशी काहीतरी बोलल्या, अगदी हळू, एकच वाक्य.

"काय म्हणाल्या गं?" मी विचारलं.

अन्वीने या वेळी सगळं मराठीतच सांगितलं.

"म्हणाल्या, आई, आता तू वळून नाही बघितलंस तरी चालेल."